मदर सिरियस

लालासाहेब फौजेत बावीस वर्षं कारकुनी करून हवालदार होऊन परतले, तेव्हा गावाला दोन गोष्टी मिळाल्या. एक, खिशाला पेन लावून हिंडणारा माणूस. दुसरी, एक इंग्रजी शब्द. शब्द होता सिरियस. गावाच्या तोंडात त्याचं चार दिवसांत शिरेस झालं आणि तो इतका रुळला, की म्हैस चारा खाईना तरी बाया म्हणायच्या, "म्हस शिरेस हाय."

कराडच्या खाली कृष्णेकाठचं ते गाव. उंबऱ्यागणिक एक पोरगा पलटणीत. ऊस तोडणीला आला, बहिणीची सोयरीक ठरली, भावकीत भांडण पेटलं, की घरच्यांना पोरगा हवा असायचा, आणि नुसती मागून रजा मिळत नसे. मग त्या पोराची आई लालासाहेबांच्या ओट्यावर येऊन बसायची. लालासाहेब आधी तिला शब्दांची उतरंड समजावून सांगायचे.

"हे बघा वैनी. सिक म्हंजे साधा शिपाई, त्याला कोण इचारत न्हाई. इल म्हंजे नाईक, त्याला उद्या या म्हणत्यात. सिरियस म्हंजे सुभेदार. ह्यो आत गेला की सायबाला उठून हुबं ऱ्हावंच लागतंय."

मग ते पेन काढून ठसठशीत अक्षरात लिहायचे, मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली. कागद कराडच्या तार ऑफिसात जायचा आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पोरगं ट्रंक घेऊन दारात. सिरियस आई तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत असायची. लालासाहेबांना यात काही पाप आहे असं कधी वाटलं नाही. कपभर चहावर ते गावाचं काम करत होते, आणि गाव त्यांना रस्ता सोडून नमस्कार करत होतं. माणसाला एवढं मिळालं की तो आपल्या हाताकडे बारकाईनं बघत नाही.

एकटी तानुबाई मात्र या ओट्यावर कधी आली नाही. विधवा बाई, एकुलता एक जोतीराम पठाणकोटला. पुरात तिच्या घराची भिंत बसली, तेव्हा लालासाहेब आपणहून तिच्या दारात गेले होते.

"आक्का, टाकू का तार? पोरगं यील, भिंत घालून जाईल."

तानुबाई चिखल मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "नगं लालासाब. मरणाचं नाव घिऊन पोराला बलवू नये. जवा खरंच असंल तवा लिवा."

लालासाहेब हसले. गावात ओट्यावर बसून त्यांनी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, तेव्हा सगळे हसले.

चैत्रात गावच्या यात्रेला मानसिंग पैलवान पाहिजे होता. मानसिंग जोतीरामच्याच कंपनीत. शेजारच्या गावानं जोड आणली होती आणि प्रश्न गावाच्या अब्रूचा होता, म्हणून लालासाहेबांनी मानसिंगच्या आईला, मनुबाईला, सिरियस केलं. वर्षात दुसऱ्यांदा. मानसिंग आला, कुस्ती मारली, हलगीच्या तालावर त्याची मिरवणूक निघाली. परत जाताना मनुबाईनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा भरून दिला. लालासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला.

त्यानंतर महिनाभरात तानुबाईला कावीळ झाली. गावात झाडपाल्याचे चार दिवस गेले, पोट फुगलं, शुद्ध हरपायला लागली. पुतण्या धुळा घाबरला आणि त्यानं लालासाहेबांना बरोबर घेऊन तिला सांगलीच्या दवाखान्यात आणलं. सांगलीत त्यांचा शब्द गल्लोगल्ली होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बाई शेजारणीला सांगत होती, आमचा मधु अभ्यासाच्या बाबतीत मुळीच सिरियस नाही. लालासाहेबांना गंमत वाटली. आपला सुभेदार इथं किरकोळ कामं करतो, असं त्यांच्या मनात आलं.

मग डॉक्टर आले. त्यांनी तानुबाईचे डोळे उघडून पाहिले, पोट दाबलं आणि उशाशी टांगलेल्या कागदावर लाल शाईनं एकच शब्द लिहून खाली रेघ ओढली. लालासाहेबांनी तो वाचला. तोच शब्द, तीच अक्षरं. हाताखालून शेकडो वेळा गेलेला तो शब्द त्यांना जन्मात पहिल्यांदा खरा दिसला.

"मुलगा आहे ना? बोलावून घ्या," डॉक्टर म्हणाले.

तार लालासाहेबांनी त्याच तासाला सांगलीतून टाकली. परत येऊन तानुबाईच्या कानाशी वाकून म्हणाले, "आक्का, तार गेली. चौथ्या दिशी जोतीराम हितं असंल. माझी तार वाया जात न्हाई."

तानुबाईनं मान हलवली. त्या दिवसापासून वॉर्डाचं दार वाजलं की तिचे पिवळे डोळे तिकडं वळायचे. कधी नर्स यायची, कधी झाडूवाली, कधी दुसऱ्याचा मुलगा. चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी लालासाहेबांनी दुसरी तार केली. सहाव्या दिवशी त्यांना तिच्या खाटेजवळ बसवेना, म्हणून ते बाहेर नळाजवळ उभे राहिले. आत गेले तेव्हा तीच त्यांची समजूत घालायला लागली.

"नगा जिवाला लावून घिऊ. तार वाटंत कुटं तर ऱ्हायली आसंल."

"गाडीला गर्दी लय असती आक्का," लालासाहेब म्हणाले. खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मनात पाल चुकचुकली होती. सातव्या दिवशी उजाडता उजाडता तानुबाई गेली. तोंड दाराकडंच होतं.

तिसरी तार करताना त्यांनी शब्द बदलला, मदर एक्स्पायर्ड. तो शब्द गावानं अजून खोटा वापरला नव्हता, त्यामुळे त्यावर रजा लगेच मिळाली. धुळानं अग्नी दिला होता. जोतीराम सहाव्या दिवशी पोचला, तेव्हा त्याच्या वाट्याला फक्त राखेची जागा आली.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा लवकर शिवला. सगळे जोतीरामच्या अंगणात येऊन बसले. जोतीरामचं डोकं, मिशी सगळं उतरवलेलं. त्यानं आल्या आल्या लालासाहेबांचे पाय धरले होते, आणि आता चार माणसांत पुन्हा तेच बोलला.

"तात्या, तुमी तारा केल्या, सात दिस माझ्या आईच्या उशाशी बसला. सख्खा भाव करत न्हाई एवढं. लय उपकार झालं."

तेवढ्यात पोलीस पाटील आप्पासो हातात एक लांबट लखोटा घेऊन आले. पलटणीतून साताऱ्याला, साताऱ्याहून मामलेदार कचेरीला आणि तिथून गावात, असा तो कागद फिरत आला होता.

"इंग्रजी हाय सगळं," आप्पासो म्हणाले. "लालासाब, बघा बरं काय म्हणत्यात."

लालासाहेबांनी चष्मा लावला. कागद तानुबाईच्या पहिल्या तारेनंतर दोन दिवसांनी लिहिलेला होता. गेल्या वर्षात या एकाच गावातून आई सिरियस असल्याच्या अकरा तारा आल्या. त्यातली एक आई दोनदा सिरियस झाली आणि तिनं मुलाबरोबर लाडू पाठवले. सबब शिपाई जोतीरामच्या आईची बातमी खरी की खोटी याची चौकशी करून कळवावं. तोवर रजा देता येत नाही.

गावात दुसऱ्या कुणाला इंग्रजी येत नव्हतं. रजेचाच कागद आहे, पोस्टानं उशीर केला, असं म्हणून घडी घातली असती तर कुणाला कळलंही नसतं. लालासाहेबांनी घडी घातलीसुद्धा.

"काय लिवलंय तात्या?" जोतीरामनं विचारलं. "वाचा की."

बावीस वर्षांची नोकरी, ठसठशीत अक्षर, गावाचे नमस्कार, सगळं लालासाहेबांना अंगावरून कपडे उतरावेत तसं उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी घडी उलगडली आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. काही गाळलं नाही. लाडूही सांगितले. मग कागद मांडीवर ठेवून म्हणाले, "अकराच्या अकरा माझ्या हातच्या हायत्या. तुझी आई म्हणली व्हती, जवा खरंच असंल तवा लिवा. म्या तिला हसलो व्हतो, जोतीराम. ती वाट बघत मेली, ती माझ्यामुळं."

मनुबाईनं पदर तोंडावर ओढला. आप्पासो उगीच टोपी काढून झटकत बसले. शिव्या आल्या असत्या तर लालासाहेबांना बरं वाटलं असतं.

जोतीरामनं मुंडलेल्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "त्यातला एक लाडू म्याबी खाल्ला, तात्या. शिरेस आईचा लाडू म्हणून सगळी बराक हसली. सायबालाबी दिला. म्याबी लय हसलो. माझी तार वाचून सायब तसाच हसला, तवा मला कळंना, हसण्यासारखं काय हाय त्यात."

त्यानं कागद लालासाहेबांच्या मांडीवरून उचलला, उलटसुलट केला आणि खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं काय लिवायचं असतंय?"

"बातमी खरी का खोटी, त्ये."

"मग लिवा."

"आता लिवून काय उपेग, पोरा?" आप्पासो म्हणाले.

"लिवा तात्या. तुमच्याच हातानं."

लालासाहेबांनी पेन काढलं. बातमी खरी, मदर सिरियस, असं लिहायला त्यांना चांगला वेळ लागला. अक्षर शाळेतल्या पोरासारखं वाकडंतिकडं आलं. खाली तारीख घालायची होती, तिथं हात अडला.

"तारीख कुठली घालू?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"ती वाट बघत व्हती त्या दिसाची घाला," जोतीराम म्हणाला.

लालासाहेबांनी एकाखाली एक सात तारखा लिहिल्या आणि कागद आप्पासोंच्या हातात दिला. मान मात्र त्यांना वर करता आली नाही.