देवघरातली फणी

काल जयसिंगरावांनी माझ्या नातीची फणी उचलली आणि देवघरात नेऊन ठेवली. वर हळदकुंकू वाहिलं. मला विचारलं नाही, बायकोला विचारलं नाही, आणि जिची फणी तिला तर विचारायचा प्रश्नच नाही. ती चार महिन्यांची.

मित्रांनो, फणी देवघरात ठेवली तर एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही लहान आहात, म्हणा. मी मात्र त्या फणीपायी काय गेलं ते पाहिलेली एक जुनी कुत्री आहे. अकरा वर्षांची. शाळा मी फाटकाबाहेरूनच पाहिली. तरी मला मराठी कळतं, कन्नड कळतं, आणि इंग्रजी तर मी आईच्या दुधाबरोबर प्याले. या घरात माणसं दोन-तीन भाषा बोलतात आणि एकीतही एकमेकांचं ऐकत नाहीत, ते सोडा.

माझा जन्म दंडूतला. बंगळूरचे जुने लोक कँटोनमेंटला दंडू म्हणतात. आई पूडल. पांढरी, कुरळी, मान वर करून चालणारी. बाप स्पॅनियल, तपकिरी, लांब कानांचा, पाणी दिसलं की उडी मारणारा. हे लग्न कोणी ठरवून लावलेलं नव्हतं. आमच्या बाईसाहेब आठ दिवस कोणाशी बोलल्या नाहीत म्हणे. मग मी झाले आणि त्यांचा राग गेला. आईचे केस, आईची अक्कल, बापाचे कान आणि बापाचा पाण्याचा नाद, असं सगळं निवडून माझ्या वाट्याला आलं. माझी भावंडं साधीच होती.

बाईसाहेब आपल्या देशाला परत निघाल्या. त्यांच्या साहेबाच्या कचेरीत जयसिंगराव कारकून होते. त्यांच्या हाती मला देताना बाईसाहेबांनी एक फणीही दिली. लाकडी मुठीची, लोखंडी दातांची. त्या म्हणाल्या, हिचे केस गळत नाहीत. म्हणूनच रोज विंचरावं लागतं, अगदी मुळापर्यंत. जयसिंगरावांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं बाईसाहेबांच्या फाटकातच सोडून आले.

तेव्हा आमचं बिऱ्हाड बळेपेठेत होतं. दारात तानूबाई उभ्या होत्या, जयसिंगरावांच्या आई. केसाळ जनावर माझ्या चुलीजवळ येता कामा नये, असं त्यांनी तिथेच सांगितलं. मुलाने गळत नाहीत म्हटलं, तर त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. शहाणी बाई. त्यांनी अंगणात काळी कांबळी अंथरली, मला तिच्यावर बसवलं आणि जेवणवेळेपर्यंत उठू दिलं नाही. मग कांबळी उन्हात धरून बोटांनी चाचपली. एकही पांढरा केस सापडला नाही.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "राहू दे. घरातलीच म्हणायची आता."

माझं नाव त्यांनी गोंडी ठेवलं.

जे केस गळत नाहीत ते जातात कुठे, हे तानूबाईंना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी बघून ओळखलं. गळालेला केस आत अडकतो, त्यात दुसरा गुंततो, आणि चार दिवसांत गाठ होते. म्हणून रोज सकाळी त्या मला मांडीजवळ घेत, केसांचे पदर वेगळे करत आणि कातडी दिसेपर्यंत विंचरत. कानामागे, काखेत, पोटाखाली. कानाच्या आत उगवणारे केस चिमूटभर राख लावून दोन बोटांनी काढत. पाण्यात लोळून आले की आधी कोरडं करत, मगच घरात घेत. दर दोन महिन्यांनी बसवंत येई. तो मेंढ्यांची लोकर कापणारा. त्याच्या कात्रीखाली मी हलत नसे. गल्लीतली माणसं थांबून बघत. बघण्यासारखीच होते मी.

एक खोड मात्र होती. एकटी राहिले की मी दार खरवडत असे. हे आईकडचं. आमच्या जातीला माणूस लागतो. तानूबाईंनाही लागत होता, त्यामुळे आमचं जमलं.

मग जयसिंगरावांना जयनगरात साईट मिळाली. जागेला आपल्याकडे साईट म्हणतात. घर निर्विघ्न उभं राहावं म्हणून त्यांनी तिरुपतीच्या वेंकटरमणाला नवस बोलला. घर होईपर्यंत केसाला कात्री लावणार नाही, आणि झालं की येऊन केस देईन. चांगला नवस. पुष्कळ लोक बोलतात, आणि पाळतात.

दोन महिने पाळला. केस कॉलरवर आले. कचेरीतल्या नव्या साहेबाने एकदा कागदावरून डोळे वर करून पाहिलं. जयसिंगराव त्याच संध्याकाळी न्हाव्याकडे जाऊन आले. मान गोरीमोरी, चेहरा त्याहून. पाटावर बसले, जेवले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की नवस घराचा आहे, घरातल्या कोणीतरी पाळला म्हणजे झालं.

तानूबाईंनी ताट खाली ठेवलं. "नवस तू बोललास. केस तुझे."

"अव्वा, ही घरातलीच ना? तूच म्हणतेस."

माझ्यावरची माया तानूबाईंच्या तोंडावर बूच होऊन बसली.

कात्री बंद झाली. बसवंतला दारातून परत पाठवलं. तरी तानूबाई विंचरत होत्या. पण फणीत केस येतोच. नवसाचा केस वाया जातो, म्हणून जयसिंगरावांनी फणीही काढून घेतली. ती देवांच्या शेजारी ठेवली आणि रोज तिच्यावर हळदकुंकू वाहू लागले. मी देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून बघत असे. माझ्या अंगाला खाज सुटलेली, आणि माझ्या फणीची पूजा चाललेली.

घर सहा महिन्यांत व्हायचं होतं. सिमेंटचा परवाना अडला, मग गवंडी गावाला गेला, मग परवाना पुन्हा अडला. दोन वर्षं गेली. मित्रांनो, दोन वर्षं विंचरलं नाही तर आमच्या केसांचं काय होतं? जाड कांबळं होतं, आणि ते अंगाला शिवलेलं असतं. पाऊल टाकलं की काखेतली कातडी ओढली जाई. भिजलेलं आत वाळत नसे. खाली कातडी लाल झाली, वास येऊ लागला. कानांत केस माजले, त्यात पू झाला. ज्या माणसांनी मला पाहायला गल्लीत थांबावं, ती आता नाकाला पदर लावू लागली. आणि जयसिंगराव त्यांना सांगत, व्रतस्थ आहे.

बसवंत एकदा रस्त्यातून जाताना आत आला. त्याने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि काढून घेतला.

"अण्णा, आम्ही मेंढीला असं ठेवत नाही."

"ही मेंढी नव्हे, बसवंत."

"तेच तर. मेंढीची काळजी धनगराला असते."

त्याच दिवसांत मला पिल्लू होणार होतं. तानूबाईंनी मुलाकडे फक्त पोटाखालची जागा मागितली. चार बोटं मोकळी करू दे, लेकराला दूध सापडायला हवं. गृहप्रवेशाला वीस दिवस उरले होते. जयसिंगराव म्हणाले, दोन वर्षं निभावलं, आता वीस दिवसांसाठी देवाचं काम मोडायचं का? निभावलं कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

एकच पिल्लू झालं. तपकिरी, माझ्या बापासारखं. तानूबाई दुपारी लपून माझ्या पोटावरच्या जटा बोटांनी सोडवत, पण त्यांना दिसत कमी होतं. पाचव्या दिवशी माणसाच्या लेकराची पूजा करतात तशी त्यांनी आमच्यापुढेही चिमूटभर हळद ठेवली.

सहाव्या दिवशी सकाळी पिल्लाची मान त्या जटांत अडकली. दूध शोधत ते आत शिरलं आणि त्याला मागे येता आलं नाही. जटांखाली मला स्पर्श कळत नव्हता. कान बंद होते, त्यामुळे ते ओरडलं असेल तर मी ऐकलं नाही. मला वाटलं, पीत आहे. मी डोळे मिटून सुखाने पडले होते. ते सुख मला अजून बोचतं.

तानूबाईंनी पाहिलं. कापड कापायची कात्री आणली आणि मला कापत सुटल्या. पोट, काखा, पाठ, कान. जयसिंगराव दारात आले. पिल्लू फरशीवर होतं.

"अव्वा," ते म्हणाले, "केस खाली सांडू देऊ नकोस."

ते केस त्यांनी नव्या धोतरात बांधून तिरुपतीला नेले. देवाने ते घेतले की नाही, मला ठाऊक नाही. माझं देवाशी भांडण नाही. त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरने कातडी बरी केली. डावा कान गेला तो गेलाच. जयनगरच्या घरात पाऊल टाकण्याआधी तानूबाईंनी फणी उकळत्या पाण्यात धुतली आणि सुनेच्या, विमलाच्या हातात दिली. ही पुन्हा देवघरात जाणार नाही, असं वचन घेतलं, मगच उंबरा ओलांडला. पुढे मला मुली झाल्या. एक राजाजीनगरला नांदते. तिचीच ही लेक, कुंची, इथे राहायला आणलेली; माझी फणी आता तिची. काळी, कुरळी, माझ्यासारखीच देखणी. तानूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, नाहीतर त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नसती.

आता जयसिंगरावांना वरचा मजला चढवायचा आहे, त्यासाठी पुन्हा तोच नवस बोलले आहेत. स्वतःच्या डोक्यावर चार केस उरले आहेत. म्हणून कालची फणी.

मित्रांनो, कुरळं कुत्रं घरी आणलंत तर आधी बोटं बघा, वेळ आहे का त्यांना. वरवर केस फुलवून ठेवू नका, कातडीपर्यंत जा. कानात डोकावा. दीड-दोन महिन्यांनी कापा, दूध पाजणारी असेल तर पोट मोकळं ठेवा. ओलं ठेवू नका, एकटं ठेवू नका. एवढं जमत नसेल तर दगडाचं कुत्रं आणून अंगणात बसवा. त्याच्यावर रोज हळदकुंकू वाहिलंत तरी चालेल.

आज सकाळी कचेरीतले रत्नाकर आणि त्यांची बायको आली होती. जयसिंगरावांनी मला व्हरांड्यात बोलावलं. माझा बहिरा कान वर उचलून नेहमीची गोष्ट सांगितली, आमच्या गोंडीने देवाला केस दिले, तिच्या पुण्याईवर हे घर उभं आहे. पिल्लाचं नाव नाही. रत्नाकरांच्या बायकोने मला हात जोडले. मग जयसिंगरावांनी कुंचीला पुढे ओढलं आणि म्हणाले, आता ही. घरातलीच आहे.

मी उठले. अकरा वर्षांत देवघरात पाय टाकला नव्हता, आज टाकला. दारात विमला उभी होती. तिने मला पाहिलं आणि बाजूला सरली. मी फणी तोंडात धरली. कुंकू जिभेला कडू लागलं. व्हरांड्यात येऊन ती जयसिंगरावांच्या पायाशी टाकली.

"अगं, देवघरातली!" ते म्हणाले.

माझं बोलणं यांना भुंकणं वाटतं, ठाऊक आहे. तरी सगळ्यांदेखत, त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

"जयसिंगराव, तुमचा नवस फिटलेला नाही. बोललात तुम्ही, केस गेले माझे आणि जीव गेला माझ्या लेकराचा. तुम्ही दुष्ट नाही, भित्रे आहात. साहेबाला भ्यालात, देवाला भ्यालात, फक्त मला भ्याला नाहीत. डोक्यावर चार केस आहेत ना? तेच नेऊन द्या, देवाला पुरतील. आणि ही फणी घ्या हातात. घरातली म्हणता ना, मग घरातल्यासारखी विंचरा."