हात उचलल्यावर

सरकलेली बेंबी बसवण्यात माझा हात धरणारी बाई चोरखमाऱ्याच्या आसपासच्या चार गावांत नाही. हे लोक म्हणतात, आणि मीही म्हणते; खोटा विनय मला जमत नाही. रोवणीच्या दिवसांत आमच्या ओसरीवर सकाळीच बाया उपाशी पोटी येऊन बसतात. दिवसभर वाकून धान रोवायचं, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, ओल्या पेंड्या उचलायच्या, मग बेंबी सरकणारच. मी अंगठ्यानं बेंबीखालची धडधड शोधते, तेल लावून पोट दाबत आणते, पोटावर पेटती पणती ठेवून वरून लोटा पालथा घालते. लोटा घट्ट चिकटून सुटला की बेंबी बसली. त्यानंतर एकच पथ्य. पाच दिवस 'दुखते' असं म्हणायचं नाही. म्हटलं की बेंबी परत सरकते. हे मला माझ्या सासूनं शिकवलं आणि तीस वर्षं मी ते कडक पाळायला लावलं.

त्या मंगळवारी ओसरीवर माझी सून रविता निजली होती. आदल्या दुपारी बांधीत, धानाच्या शेतात, तिच्या बेंबीभोवती दुखायला लागलं, संध्याकाळी खाल्लेलं सगळं उलटून पडलं. लग्नाला आठच महिने झालेली, घरात आवाज न करता वावरणारी पोरगी. मी पोट दाबलं तेव्हा तिनं फक्त ओठ चावला. पण हात उचलला आणि तिचं सगळं अंग उडालं.

मला ते खटकलं. दाबल्यावर दुखतं हे मला ठाऊक होतं, पण हे पोट सोडल्यावर जास्त दुखत होतं. उजवीकडे खालच्या बाजूला तर ते फळीसारखं कडक लागत होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण ओसरीवर तीन बाया बघत बसल्या होत्या. परक्यांची बेंबी बसवणारी शकुंतला घरच्या सुनेपुढे हरली, असं कसं होऊ देणार! मी आणखी जोर लावला. लोटा सुटला.

"बरं वाटते का वं?"

"हो, आई."

दुपारी ती चुलीपाशी बसली होती. उठली ती उजव्या कुशीवर हात धरून, कमरेत वाकून. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप.

"रविता, दुखते का?"

"नाई, आई." आणि ती हसली.

ते हसू मला खरं वाटेना. मी तिला आतल्या खोलीत निजवलं, दार लावलं. या वेळी अगदी हळू, तेही डावीकडे दाबलं. तिनं झटकन उजवी कूस धरली. मी हात उचलला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आता तरी सांग. दुखते?"

"नाई."

तोंड माझं पथ्य पाळत होतं, पोट पाळत नव्हतं. माझ्या हाताखालून उठलेल्या बाईनं कधी तक्रार केली नाही, म्हणून मी तीस वर्षं मिरवत होते. तक्रारीला बंदी मीच घातली होती. आता ही पोरगी माझी आज्ञा पाळत माझ्याच घरात मरणार, असं वाटलं.

मी लोकेंद्रला, माझ्या मुलाला, बांधीवरून बोलावलं. त्याचे वडील केशोराव दारातच अडले. "सकाळी तूच त बसवली ना? आता दवाखान्यात नेशीन त लोक काय म्हणतीन?"

"लोकायच्या तोंडाले आग लागो! लोकेंद्र, मोटरसायकल काढ म्हटलं ना!"

उपकेंद्रात नीतू सिस्टरनं तिला तपासलं आणि विचारलं, "कोणी पोट चोळलं का?"

"नाई, मॅडम," रविता म्हणाली.

"मी चोळलं," मी म्हटलं. "सकाळी. जोर लावून."

 नीतू म्हणाली, "आता कोणी हात नका लावू. दाबल्यावर तर कोणाचंही पोट दुखते. हात सोडल्यावर असं दुखते, म्हणजे आतल्या पडद्याले सूज आली. अपेंडिक्स असन. गोंदियाले न्या लगेच." तिनं स्वतःच १०८ला फोन लावला.

गोंदियाला पोचताच तिला आत नेलं. मी बाकावर बसले. तेल लावायचे हे हात कुठे ठेवावेत ते कळेना. आणि नको नको म्हणत असताना रुख्मा आठवली. आमच्याच आळीतल्या खुशालची बायको. दोन वर्षांपूर्वी माझ्या ओसरीवरून हसत घरी गेली आणि चौथ्या दिवशी वारली. काविळीनं, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. हात उचलल्यावर तिचं अंग उडालं होतं का? आधी आठवेना. मग आठवलं. उडालं होतं.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. अपेंडिक्स फुटलं होतं, आत पू पसरला होता, पण सगळं धुऊन काढलं, पोरगी वाचेल. लोकेंद्र भिंतीला टेकून रडला. मला रडू आलं नाही. 

तेवढ्यात माझा फोन वाजला. खुशालचा होता.

"भौजी, सून कशी हाये?"

"ऑपरेशन झालं. वाचली."

"चांगलं झालं. तुमच्या लक्षात आलं म्हणून वाचली. आमच्या रुख्मीच्या वेळी कोनाच्याच लक्षात नाई आलं. चार दिवस 'नाई दुखत, नाई दुखत' हेच बोलून राहिली होती. कायले लपवलं तिनं, काय माहीत."

बरं म्हणून फोन ठेवता आला असता. त्याला कधीच कळलं नसतं.

"खुशालभाऊ," मी म्हटलं, "दुखते म्हणू नको, असं मीच सांगतलं होतं तिले."

 खुशालनं फोन ठेवला नाही. मीही तो कानाला लावून तशीच बसून राहिले.