रंगूनच्या माशाचं पाणी

माझ्या पाण्याला नाव ठेवणारा माणूस नाशकात अजून जन्माला यायचाय. एकाखाली एक अशी तीन मडकी. वरच्यात कोळसा, मधल्यात वाळू, खालच्यात गाळलेलं पाणी. त्यात तुरटी फिरवायची आणि रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवायचं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, गढूळ पाणी आलं की सगळी आळी घागरी घेऊन माझ्याच दारात.

म्हणून शेजारची खातूनबी तो मासा घेऊन माझ्याकडेच आली. तिचा भाऊ रहेमान आगबोटीवर कामाला. त्यानं रंगूनहून बरणीतून लढाऊ मासा आणलेला. बोटाएवढा, निळाजांभळा, शेपूट लुगड्याच्या निऱ्यांसारखी. मालेगावच्या होणाऱ्या सासऱ्यानं तोच मागितला होता म्हणे. मासा नाही तर मुलगी नाही. बरणी बहिणीकडे सोपवून रहेमान मुंबईला कापडचोपड घ्यायला गेला. बरणीतलं पाणी पिवळं दिसायला लागलं, तसं तिनं माझं पाणी मागितलं.

मी दिलं. मासा मलूल झाला. म्हटलं, मळ राहिला असेल. पुन्हा गाळलं, तुरटी दुप्पट फिरवली, पाणी हंड्यात आणखी मुरवलं. नेमका रहेमान यायच्या दिवशी मेला मासा आडवा झाला.

"माझ्या हातानं भावाचं लग्न मोडलं गं," म्हणून खातूनबी रडायला लागली. मलाही भरून आलं. तिच्या नजरेसमोर नको म्हणून आमच्या ह्यांना म्हटलं, बरणी उकिरड्यावर रिकामी करून या. हे पडले महाआळशी. दारातल्या बैलांच्या डोणीतच ओतून मोकळे झाले.

त्या दगडी डोणीत वर्षाचं शेवाळ, डासांच्या अळ्या, बैलांची लाळ. थोड्या वेळानं ढवळ्या पाणी प्यायला वाकला आणि फुरफुरत मागं सरला. पाहते तर काय, मासा जिवंत! कल्ले फुगवून बैलाच्या तोंडावर धावून जात होता.

तेवढ्यात टांगा थांबला. रहेमाननं ते पाहिलं आणि त्याला आनंद मावेना.

"सखुताई, अस्संच पाणी लागतं त्याला. तुमच्याच हातचं ना हे?"

खातूनबीनं माझ्याकडं पाहिलं. बिचारीचा जीव नुकता कुठं भांड्यात पडला होता. काय बोलणार? "हो, माझंच," म्हटलं आणि राग गिळला.

त्यानं त्याच पाण्यानं बरणी भरून घेतली. पाहुणा उन्हातून आलेला, म्हणून मी हंड्यातलं गार पाणी तांब्याभर पुढं केलं. त्यानं एकदा डोणीकडं पाहिलं, एकदा माझ्या हाताकडं, आणि अदबीनं म्हणाला, "तहान नाही, ताई."