वाटाण्याचा चौथा धडा

नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे विद्युत कार्यशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या बापूसाहेबांना, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी लातूरच्या भर रस्त्यात उभे राहून "वाटाणा! ए वाटाणा!" अशा हाका माराव्या लागतील, हे कोणी आधी सांगितले असते तर त्यांनी त्या माणसाला कार्यशाळेबाहेर काढले असते. पण वीस एप्रिलपासून ते सकाळ-संध्याकाळ हेच करत होते. पहिल्या दिवशी तर समोरच्या घरातील बाई हातात पिशवी घेऊन फाटकापर्यंत आल्या आणि "कसा दिला?" म्हणून मोकळ्या झाल्या. हाक देणारा भाजीवाला नसून समोरचे सर आहेत हे लक्षात येताच त्या पदर सावरत आत पळाल्या.

वाटाणा म्हणजे तीन महिन्यांचे, तपकिरी रंगाचे, एक कान उभा आणि एक पडलेला असे कुत्र्याचे पिल्लू. नाव नातीने ठेवलेले. बापूसाहेबांची मुलगी मालविका नांदेडला असते. तिच्या घराच्या फरश्या बदलायचे काम निघाले आणि सिमेंटमध्ये पावले उमटवणाऱ्या या प्राण्याला पाच आठवड्यांसाठी लातूरला पाठवायचे ठरले.

खरा प्रश्न मात्र पिल्लाचा नव्हताच. अकरा वर्षांच्या नातीला, मनस्विनीला, पक्षी हवा होता. आधी तिने राघू मागितला. राघू पिंजऱ्यात ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे बापूसाहेबांनी फोनवरून तिला समजावले. दुसऱ्या दिवशी तिची मागणी लव्हबर्डच्या जोडीवर आली.

"एक पिल्लू आवरत नाही आणि वर पिंजरा?" मुलीसह पिल्लू सोडायला आलेली मालविका म्हणाली. "बाबा, आता तुम्हीच काय ते सांगा हिला."

"हो, आबांनीच सांगावं," मनस्विनी म्हणाली. "आबा नाही म्हणाले तर मी परत विषय काढणार नाही. देवाशपथ."

एवढी हट्टी मुलगी आपली सगळी इच्छा अशी दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवते, हे पाहून बापूसाहेब जरा चपापले. मग त्यांनी सवयीने अट तयार केली. "एक प्राणी नीट शिकवता आला तरच दुसरा आणावा. वाटाणा माझ्याकडे चार गोष्टी शिकला, तर पक्षी. नाही शिकला, तर नाही."

"पण शिकवणार तर तुम्ही. म्हणजे परीक्षा तुमचीच की, आबा."

"परीक्षा त्याचीच. मी फक्त शिकवणार."

मनस्विनीने पिल्लाकडे आणि मग आजोबांकडे पाहिले. "नीट शिकवा हं," एवढेच ती हळू आवाजात म्हणाली. पुढचे पाच आठवडे ते तीन शब्द बापूसाहेबांच्या मानेवर बसून राहिले.

त्यांनी दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक विषयाला स्वतंत्र पान, ही त्यांची कार्यशाळेपासूनची शिस्त. धडा पहिला, हाक मारली की येणे. धडा दुसरा, घरात घाण न करणे. धडा तिसरा, चपला न चावणे. धडा चौथा, कारणाशिवाय न भुंकणे. बक्षीस म्हणून भाजलेले शेंगदाणे, एका वेळी एक.

पहिल्या धड्यात वाटाणा हाक मारली की यायचा. पण ती हाक बापूसाहेबांखेरीज कोणाचीही असावी लागे. दुसऱ्या धड्यासाठी त्याला दर दोन तासांनी अंगणात नेले जाई. तिथे तो मोगऱ्याचा वास घेई, मुंग्या मोजल्यासारखे करी, आणि आत आल्यावर पायपुसण्यावर आपले काम उरकी. तिसऱ्या धड्यात बापूसाहेबांच्या तीन चपला गेल्या. तिन्ही डाव्या.

"उजव्या ठेवतोय ना?" त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे त्याची काही पद्धत आहे. तुमच्यावरच गेलाय."

"प्रमोदिनी, हा विनोदाचा विषय नाही. पोरीला शब्द दिलाय मी."

"अहो, मग पोरीला पक्षी घेऊन द्या आणि मोकळे व्हा."

"नापास मुलाला मी आजवर कधी पास केलेलं नाही."

चौथ्या धड्यात मात्र बापूसाहेबांना यश दिसू लागले. वाटाणा भुंकला की ते उजव्या हाताचे बोट वर करीत. तो गप्प होऊन ताठ बसला की शेंगदाणा. दूधवाला, कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची आरोळी, एकेका आवाजावर त्यांनी काम केले. अडचण उरली ती एकाच ठिकाणी. अंगणातील नळापाशी.

त्यांच्या गल्लीत नळाला पाणी आठव्या दिवशी येई आणि कोणत्या वेळी येईल याचा नेम नसे. लोक नळाची तोटी उघडी ठेवून खाली रिकामी बादली ठेवतात, तेवढ्यावर न थांबता बापूसाहेबांनी बादलीत दोन तारा सोडून विजेची घंटी जोडली होती. पाण्याचा थेंब तारांना टेकला की घरात घंटी वाजे. मग पहिली गढूळ बादली झाडांना, आणि त्यानंतरच नळाला पाइप लावून पाणी हौदात. हौदाला पाइप कायमचा जोडून ठेवणाऱ्या शेजाऱ्यांच्या हौदात किती माती साठत असेल, याचा हिशोबही त्यांनी एकदा प्रमोदिनीबाईंना ऐकवला होता.

तेवीस एप्रिलला वाटाणा या नळापुढे उभा राहून जीव तोडून भुंकला. एक मे रोजी पुन्हा. नऊ मे रोजी तर तो नळाच्या पाइपला नाक लावून असा काही भुंकला, की भांडी घासणाऱ्या कोंडाबाई हातातले पातेले ठेवून उठल्या.

"सायेब, त्ये उगं भुकंना. पाणी यायलंय बगा."

"कोंडाबाई, पाणी आलं की घंटी वाजते. वाजली का घंटी?"

"न्हाई."

"मग पाणी आलेलं नाही." बापूसाहेबांनी बोट वर केले. वाटाणा एकदा त्यांच्याकडे, एकदा नळाकडे पाहत राहिला. मग कण्हल्यासारखा आवाज करून ताठ बसला. त्याला एकाच्या जागी पाच शेंगदाणे मिळाले. वहीत नोंद झाली: 'सकाळी अकरा बावीस. नळासमोर अकारण भुंकणे. एका इशाऱ्यात शांत. प्रगती उल्लेखनीय.'

काही वेळाने घंटी वाजली. "बघा," बापूसाहेब समाधानाने म्हणाले, "आता आलं पाणी." आणि त्यांनी पाण्याच्या पानावर वेळ लिहिली. कोंडाबाईंनी प्रमोदिनीबाईंकडे पाहिले. प्रमोदिनीबाईंनी छताकडे पाहिले.

त्या संध्याकाळी मनस्विनीचा फोन आला. "आबा, शिकला का?"

"तीन धडे रखडत आहेत. पण चौथा पक्का होत चाललाय."

"म्हणजे पक्ष्याची आशा आहे?"

"आशा आहे," बापूसाहेब म्हणाले, आणि स्वतःवर खूश झाले.

सतरा मे रोजी दुपारी दुरुस्तीसाठी लाइट गेली. कूलर बंद. दोघे नवरा-बायको आतल्या थंड खोलीत पडले आणि घामाघूम होऊन झोपी गेले. चारच्या सुमारास बापूसाहेब उठून अंगणात आले, तेव्हा वाटाणा नळापुढे बसलेला होता. पाठ ताठ, तोंड मिटलेले, लाळ गळत असलेली, नजर घराच्या दारावर. नळाखालची बादली काठोकाठ भरली होती. बादलीभोवती अंगण ओले होते, मोरीपर्यंत ओहोळ गेला होता, आणि तोटीतून शेवटचा एक थेंब लोंबत होता.

बापूसाहेबांना पाहताच वाटाण्याने शेपूट हलवले आणि शेंगदाण्यासाठी मान पुढे केली.

"सर!" भिंतीपलीकडून शेजारचे श्रीमंतराव डोकावले. "पाऊण तास चालू होतं की पाणी. बेल मारली तुमची चार वेळा."

"लाइट नव्हती."

"हाव, ते पण खरं. पण तुमचं कुत्रं का गप बसलं आज? ते भुंकलं की आमच्याकडं बाई पाइप धरून उभी राहती. आज त्याच्या भरवशावर बसलो तर आमचाच हौद अर्धा राहिला!"

"कुत्र्याच्या भरवशावर?"

"मग? सगळी गल्लीच त्याच्यावर चालून राहिली, सर. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

बापूसाहेब आत गेले. त्यांनी वही काढली. चौथ्या धड्याचे पान आणि पाण्याचे पान, इतक्या दिवसांत त्यांनी ही दोन पाने कधीच शेजारी ठेवली नव्हती. विषय वेगळा, पान वेगळे. आता ठेवली. तेवीस एप्रिल, भुंकणे नऊ चाळीस, घंटी नऊ सत्तेचाळीस. एक मे, चार दहा आणि चार सतरा. नऊ मे, अकरा बावीस आणि अकरा एकोणतीस. दर वेळी बरोबर सात मिनिटे. रस्त्याखालच्या लांबलचक पाइपमध्ये पाण्याने पुढची हवा रेटायला सुरुवात केली, की ते माणसाच्या कानाला न येणारे कुजबुजणे त्या पिल्लाला ऐकू येत होते. एवढी बिनचूक आकडेवारी एखाद्या विद्यार्थ्याने समोर ठेवली असती आणि त्यातून निष्कर्ष काढला नसता, तर बापूसाहेबांनी त्याला उभे केले असते.

"अहो, टँकरला फोन करते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी एरवीसारखा टोमणा मारला नाही, हे बापूसाहेबांना जास्त लागले.

पुढचे आठ दिवस घरात बादल्यांवर चालले आणि अंगणात उलटे शिक्षण सुरू झाले. शेंगदाणे बंद केले, वाटाणा गप्पच. पाइपवर पाना आपटला; गप्पच. उलट नळाजवळ नेताच तो आपण होऊन ताठ बसे. पक्का झालेला धडा पुसायचा कसा, याचे प्रशिक्षण बापूसाहेबांना कधी मिळालेच नव्हते. अखेर आजूबाजूला कोणी नाही असे पाहून ते गुडघ्यांवर बसले, नळाकडे तोंड केले आणि म्हणाले, "भो."

वाटाण्याने मान तिरकी केली.

"भो! भो!"

"सर," भिंतीवरून श्रीमंतराव म्हणाले, "आवाज जरा छातीतून काढा. हे घशातून यायलं."

पंचवीस मे रोजी सकाळी मालविका आणि मनस्विनी फाटक उघडून आत आल्या, तेव्हाही बापूसाहेब दोन्ही तळवे जमिनीला टेकून नळावर भुंकत होते. वाटाणा समोर शहाण्यासारखा बसून त्यांच्याकडे पाहत होता.

"बाबा!" मालविकाच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आबा, काय करताय?"

"शिकवतोय," बापूसाहेब गुडघे धरून उठत म्हणाले.

"काय?"

त्यांना सांगायचे टाळता आले असते. त्यांनी वही आणली, दोन्ही पाने शेजारी ठेवली आणि मनस्विनीला एकेक वेळ वाचून दाखवली. सतरा तारखेची दुपारही वगळली नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मग तो चौथ्यात नापास?"

"नाही, पास. पैकीच्या पैकी. तेच तर चुकलं. जे भुंकणं मला कळलं नाही, ते मी अकारण म्हणून लिहिलं."

"म्हणजे पक्षी..." ती अर्ध्यावर थांबली. तिने शपथ घेतली होती. डोळे मात्र भरून आले होते.

वाटाणा एव्हाना ओट्यावर जाऊन बसला होता; मनस्विनी त्याच्याशेजारी बसली. तिने ना हाक मारली, ना इशारा केला. नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ काही घडले नाही. मग त्याचा पडलेला कान हलला. तो उठला, नळाशी गेला, आणि वळून बापूसाहेबांच्या हाताकडे पाहू लागला.

बोट आपोआप वर येत होते. बापूसाहेबांनी तो हात दुसऱ्या काखेत घट्ट दाबून धरला.

"भक्," वाटाणा अर्धवट म्हणाला. बोट आले नाही. मग तो तोंडभर भुंकला.

"दहा बावन्न!" बापूसाहेब ओरडले. "पाइप! पाइप घ्या!"

प्रमोदिनीबाईंनी ड्रमची झाकणे काढली, कोंडाबाई बादल्या घेऊन धावल्या, मालविकाने पाइप उचलला. पलीकडून श्रीमंतरावांच्या घरातही धावपळ ऐकू आली. नळ कोरडा होता. तीन मिनिटे झाली. चार झाली.

"बाबा, उगाच भुंकला तो."

"थांब."

"सर, घंटी तर वाजंना!" भिंतीवरून श्रीमंतराव म्हणाले.

"घंटीला काय कळतंय? थांबा म्हणतो ना!" त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ धरले. मनस्विनी नळाकडे न पाहता त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

दहा एकोणसाठला नळ खोकला. हवा सुटली, तांबूस पाणी आले आणि मागोमाग घंटी वाजू लागली. ती बंद करायला कोणीच गेले नाही.

"लाव पाइप हौदाला," बापूसाहेब म्हणाले.

"अन् पैली बादली झाडास्नी न्हाई का?" कोंडाबाईंनी विचारले.

"राहू दे आज." मग ते नातीकडे वळले. "मनस्विनी, तू म्हणालीस तेच खरं, परीक्षा माझीच होती. पक्षी आणू."

ती उडी मारून उठली.

"ऐक आधी. अट आहे. पहिले दोन महिने त्यांना काही म्हणजे काही शिकवायचं नाही. शिट्टी नाही, बोटावर बसवणं नाही. तू फक्त बघायचं आणि लिहायचं. कधी ओरडले, तेव्हा घरात काय चाललं होतं, दोन्ही एकाच पानावर. दोन महिन्यांनी ते पान मला दाखव. मोठा पिंजरा मी बनवतो."

"आणि तुम्ही येऊन शिकवणार नाही ना?"

"मी दोन महिने नांदेडला पाऊल टाकणार नाही."

"लिहून घे गं हे," प्रमोदिनीबाई ड्रमामागून म्हणाल्या.

बापूसाहेब आजच्या भुंकण्याची आणि घंटीची वेळ एकाच पानावर, एका ओळीत लिहायला बसले, तोच समोरून वाटाणा ओल्या अंगणातून डौलात गेला. तोंडात कालच आणलेली नवी चप्पल होती. डावी.

"वाटाणा!" बापूसाहेब ओरडले. "ए वाटाणा!"

मनस्विनीने खुदकन हसून शिट्टी वाजवली आणि तो चप्पल घेऊन सरळ तिच्याकडे गेला.