मी कोणत्याच कंपनीचा नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि कोणत्याच कंपनीचा नाही. शहागंजातल्या दुकानात कडूबा मेकॅनिकने एकीकडचा डबा, दुसरीकडचा पंखा, तिसरीकडची मेमरी जोडून मला उभं केलं.

तिथून मी बजाजनगरात द्वारकाबाईंच्या पुढच्या खोलीत आलो. त्या माझ्यावर लग्नपत्रिकांचा मजकूर छपाईसाठी जुळवून देत. मला रोज मऊ फडक्याने पुसत, पाण्याचा तांब्या माझ्यापासून दोन हात लांब ठेवत आणि पहिलीतल्या लेकीला, पूर्वाला येता-जाता बजावत, वायरला हात लावायचा नाही.

मग पूर्वाच्या शाळेच्या वार्षिक अंकाचं काम आलं. छापखान्याच्या नानासाहेबांनी आधीच सांगून ठेवलं, तुमच्या यंत्रावर जोडाक्षरं फुटतात. एका बड्या कंपनीची संगणक चालवणारी सिस्टिम आहे, ती घाला. शनिवारपर्यंत जमलं नाही तर अंक दुसरीकडे जाणार होता, आणि मी भंगारात.

द्वारकाबाईंनी त्या सिस्टिमची अस्सल सीडी आणली. मला ती सहज पेलणार होती. पण पडद्यावर करार उमटला, आणि द्वारकाबाई पडल्या बी.ए.; त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. ही सिस्टिम फक्त आमचं लेबल असलेल्या संगणकावरच चालवावी, असं त्यात होतं.

सिस्टिम टाकायला आलेल्या कडूबाने सीडीच्या खोक्यात हात घातला. आत कंपनीची दोन चिकटणारी लेबलं होती. "घ्या वहिनी, लावा. झालं कंपनीचं मशीन. लई विचार करू नका."

द्वारकाबाईंना ते पटलं. कुंकवाचं बोट लावून, नारळ फोडून त्यांनी माझ्या कपाळावर लेबल डकवलं. खरं सांगतो, माझा पंखा अभिमानाने जोरात फिरला.

तेवढ्यात पूर्वाने दुसरं लेबल मिक्सरला लावलं. "आई, आता यावर पण ती सिस्टिम टाकू. हा पण कंपनीचा झाला."

द्वारकाबाई हसता हसता खाली बसल्या, आणि मग पडद्यावरचा करार पुन्हा वाचू लागल्या. त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसाने गोड आवाजात सांगितलं, लेबल कारखान्यातूनच लागलेलं हवं, दुसऱ्यांच्या यंत्राला परवानगी नाही.

"मग मी विकत काय घेतलं?"

"वापरायची परवानगी, मॅडम. तीही आमच्याच मशीनवर."

कडूबा म्हणाला, "कोण बघायला येतंय इथं?"

"पूर्वा बघतीये ना," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि नखाने लेबल खरवडू लागल्या.

डोकं खाजवत कडूबाने दुकानातून दुसरी सीडी आणली. ही सिस्टिम खुली होती, अनेकांनी मिळून केलेली, कुठल्याही यंत्रावर चालणारी. द्वारकाबाईंनी तिचाही करार वाचला, संशयाने दोनदा. अट निघालीच: सुधारून कुणाला दिलीत, तर त्यालाही हीच मोकळीक द्या.

"एवढंच व्हय?" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

शनिवारी नानासाहेबांनी चष्मा पुसून पुसून सगळी पानं तपासली. एकही जोडाक्षर फुटलेलं सापडेना, तेव्हा ते जरा नाराजच झाले. पण अंक छापला.

आता मी थकलोय, सावकाश चालतो, पण चालतो. मित्रांनो, आमची धूळ पुसा, पाणी लांब ठेवा. आणि पडद्यावर 'मान्य आहे' दिसलं की घाई करू नका. तुम्ही बटण दाबलंत की मी लगेच कामाला लागतो, कसला विचार करत नाही. तो तुम्हीच करायचा असतो.