पिवळी पट्टी

डोंबिवलीच्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या, सान्वीच्या हिरडीवर पेरॉक्साइड टाकलं. फेस यायला हवा होता. आला नाही, रक्त काळपट पडलं. "बाटली जुनी असेल," ते म्हणाले. मी ठाण्यात एका कॉलेजच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये काम करते. दुसऱ्याच दिवशी तिचं रक्त लॅबमध्ये नेलं.

फेस आणणारं एन्झाइम, कॅटालेज, रक्ताच्या पेशींत असतं; ते नसेल तर हिरड्या सडू शकतात. ते बघायला जेलच्या पातळ थरातून विजेने रक्त सरकवायचं आणि मग जेल रंगवायची. सगळी हिरवीनिळी होते, एन्झाइम असेल तिथे पिवळी पट्टी उरते. तुलनेसाठी घेतलेली मैत्रिणीची, मृणालची पट्टी ठळक आली. ती शंभर धरली तर कॉम्प्युटरने माझी मोजली अठ्ठेचाळीस, नवऱ्याची, जयेशची एकावन्न. सान्वीची जागा नुसती हिरवी. पाच वर्षांची आहे ती. तीनदा करून पाहिलं.

अर्धी पट्टी म्हणजे आईबापांकडून आलेल्या दोन जनुकांतलं एक बिघडलेलं; आमची दोघांची बिघडलेली लेकीला गेली, म्हणून तिची शून्य. अशा जोडप्याच्या चारातल्या एका मुलाला असं होऊ शकतं. जयेश माझा आतेभाऊ. आमच्यात मामाची मुलगी करतात. आणि रविवारी माझी धाकटी बहीण प्राची आणि धाकटा दीर केतन यांची सुपारी फुटायची होती. प्राचीचं रक्त मी घेतलेलं: एकोणपन्नास. केतनची पट्टी पूर्ण निघाली असती तर काळजी नव्हती. त्याचं थोडं रक्त हवं होतं, बस.

प्राची साडी दाखवायला कळव्याला आमच्या घरी आली, तेव्हा सगळ्यांसमोरच विषय काढला.

"माझ्या पोरात खोट शोधतेस?" आत्या, म्हणजे माझी सासू, कडाडली. "ते तुझ्या माहेरचं आलंय."

"तुझं माहेर वेगळं आहे का गं, आत्या?"

ती मेथी निवडायला लागली.

"संडेनंतर बघू ना यार," जयेश म्हणाला. "हॉल बुक केलाय."

केतन मात्र बाही वर करत उठला. "घे ना वहिनी. सुईला घाबरतो काय मी?"

प्राचीनेच त्याचा हात खाली केला. "आणि अर्धी निघाली तर? नको ताई. मला नाही बघायचं. तुझं असं झालं म्हणून माझंही..." तिने साडी पिशवीत भरली.

रविवारी सुपारी फुटली. आत्याने पेढे वाटले. सान्वीने अर्धा खाऊन उरलेला मावशीपुढे धरला. चावलेल्या कडेला लाल डाग होता. प्राचीने तो पाहिला. माझ्याकडे न बघता पेढा कागदात गुंडाळला आणि सान्वीला दुसरा दिला.