काठाचे दगड

तळं साफ करायचं म्हणजे घासूनपुसून लख्ख करायचं, अशी काकूंची समजूत. घरातलं पातेलं तसं आणि गावाचं तळंही तसंच. त्यांची संस्था म्हणजे तरी काय, छापखान्यावरची एक खोली, मोडक्या खुर्च्या आणि हौशी शेजारीपाजारी. पण त्यांनीच तळ्यातला गाळ उपसला, काठचं लव्हाळं मुळासकट उपटलं आणि भोवती दगडी काठ बांधला. तो बांधला काकूंच्या नवऱ्यानं. जन्मभर लोकांची घरं बांधलेले काका म्हातारपणी इथं फुकट राबले. दगड असे बसवले की सांध्यात नख जाऊ नये.

आणि पाणी हिरवं झालं, मासे पोट वर करून तरंगू लागले.

पाणी तपासायला आलेल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं. "पाण्यातली घाण शोषणारं लव्हाळंच तुम्ही काढलंत. ते परत लावा. पण त्याला उतरता मातीचा काठ लागतो. हे दगड काढावे लागतील."

संस्थेच्या बैठकीत खजिनदारांना घाम फुटला. "पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचे साहेब येतायत. काठ आवडला तर तळं आपल्याकडे राहील, नाहीतर गेलं बोटिंगवाल्याकडे. तोवर गप्प बसू या. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"मूठ झाकता येते हो," काकू म्हणाल्या, "मेलेल्या माशांचा वास कसा झाकणार? आपण बिघडवलं, आपणच निस्तरायचं. उद्याच."

तिथं एवढ्या ठणकावून बोललेल्या काकूंची जीभ घरी मात्र जड झाली. अडखळत का होईना, त्यांनी सगळं सांगितलं. काकांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि पाठ फिरवून झोपून गेले. काकूंना फार वाईट वाटलं. पण निर्णय काही बदलला नाही.

सकाळी त्यांनी काकांची पहार उचलली आणि तळं गाठलं. ओल्या गोणपाटात लव्हाळ्याचे गड्डे घेऊन मंडळी उभी होती. काकूंनी पहिल्या दगडाखाली पहार घालायचा प्रयत्न केला. फट सापडेना. पदर खोचून पुन्हा घाव घातला. तळहाताची सालटी निघाली, दगड हलला नाही.

"माझा दगड आहे तो. असा निघायचा नाही."

मागे काका उभे होते. त्यांनी पहार घेतली, खाली बसून दगडावरून एकदा हात फिरवला. मग कडेची माती उकरली, पहार तिरकी घालून सगळं अंग तिच्यावर टाकलं. दगड कुरकुरला आणि धपकन पाण्यात पडला.

"अहो, आणि ते साहेब?" खजिनदार पुटपुटले.

"येऊ देत," काका म्हणाले. "त्यांनाही घमेलं देऊ."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहार दुसऱ्या दगडाखाली घालत ते म्हणाले, "रडतेस काय? पुढचा धर."